किल्ली तुझ्याकडे होती, नंदू

नंदू, तू जाऊन आज अठरा दिवस झाले. भेटायला येणारे थांबले, मंडपवाल्याच्या खुर्च्या परत गेल्या, समोरच्या हंसाबेनचा मोठा थर्मास मी घासून देऊन आले. आता घरात मी आणि तुझा दादा, दोघंच. त्यातले शेवटचे तीन दिवस आम्ही एकमेकांशी जेवणापुरतंच बोललो. का, ते तुला ठाऊक आहे. दीड वर्ष ते तुला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

लोक तुझ्याबद्दल भरभरून बोलले. बाजव्याहून तुझ्या प्लँटमधली माणसं दोन गाड्या भरून आली होती. त्यांतले एक वयस्क ऑपरेटर माझ्यासमोर बसले, हातातल्या रुमालाची घडी घालत-मोडत राहिले आणि म्हणाले, "नंदाबेन एकनी वात बीजाने कहे एवां नहोतां." इकडचं तिकडे करणाऱ्यांतली तू नव्हतीस, असं ते सांगत होते. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून आत गेले. मला ते पटलं नव्हतं. बाहेर तुझ्या फोटोला हार घातलेला, आणि मी ओट्याशी उभी राहून मनात म्हणत होते, तुम्हाला काय माहीत!

एवढी मी कडू झाले होते.

संशयी तर मी पहिल्यापासूनच. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतीस. गॅस बंद आहे का ते मी दोनदा बघते, कुलूप लावल्यावर ओढून बघते, फाटकापर्यंत जाऊन पुन्हा ओढायला परत येते, हे तू आठवड्याभरात टिपलंस आणि माझं नाव 'डबलचेक वहिनी' ठेवलंस. पुढे प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटच्या कामावर लागलीस तेव्हा म्हणालीस, "वहिनी, तू आमच्या कंट्रोल रूममध्ये हवी होतीस. तिथं संशयी माणसालाच प्रमोशन देतात." मी शाळेत भूगोल शिकवत राहिले. तू लग्न केलं नाहीस, मांजलपूरला आपण घर घेतलं तेव्हा आमच्याबरोबरच आलीस. मुक्ता तुझ्या स्कूटरवर पुढे उभी राहून मोठी झाली आणि त्याच स्कूटरवर सोसायटीच्या रस्त्यात चालवायला शिकली. तिला पहिल्यांदा खरचटलं ते तू मला दोन दिवस कळू दिलं नव्हतंस. मी रागावले होते. पण पोरीला आईखेरीज आणखी एक माणूस आहे, याचं मला आतून बरं वाटायचं. हे तुला कधी सांगितलं नाही.

घरात कॉम्प्युटर आणलास तो तूच. आधी इंटरनेट लावलं की फोन अडकून पडायचा, मग ब्रॉडबँड आलं, आणि बघता बघता प्रत्येक गोष्टीला पासवर्ड लागायला लागला. रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल, गॅसचा नंबर, ई-मेल. रांगेत उभं राहण्यापेक्षा बरं म्हणून मी शिकले, पण पासवर्ड वहीत लिहायचे, आणि तेही मोडीत. माझे वडील संस्थानच्या दफ्तरात होते, मोडी त्यांनी मला लहानपणी हौसेने शिकवली. घरात दुसऱ्या कोणालाही ती अक्षरं वाचता येत नव्हती, हाच माझा भरवसा.

"वहिनी, तू उद्या गेलीस तर ही वही आम्ही कोणाकडून वाचून घ्यायची?" तू विचारायचीस. "युनिव्हर्सिटीतून माणूस बोलवायचा?"

"शिक ने मोडी. पंधरा दिवसांत येते."

मी गेल्यावर काय, यावर आपण दोघी हसत भांडायचो. तू माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आधी तू जाशील हे दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

मग तू तो पासवर्ड मॅनेजर आणलास. रविवारची सकाळ होती, तू मला खुर्ची ओढून शेजारी बसवलंस. "हे बघ, सगळे पासवर्ड एका पेटीत. पेटीला एकच मोठा पासवर्ड, तेवढा लक्षात ठेवायचा. बाकी सगळं हा भरतो. एक क्लिक, की आत."

"पेटी असते कुठे?"

"या कॉम्प्युटरमध्ये. एक प्रत त्यांच्या सर्व्हरवर. पण ती कुलूप लावूनच जाते, त्यांनासुद्धा उघडत नाही."

"त्यांना म्हणजे कोणाला?"

"कंपनीला."

"कंपनी म्हणजे माणसंच ने? त्यांना उघडत नाही असं कोण म्हणतं?"

"तेच म्हणतात," तू म्हणालीस, आणि तुलाच हसू आलं. मग गंभीर होऊन म्हणालीस, "वहिनी, कोणावर तरी विश्वास ठेवायलाच लागतो. प्लँटमध्ये मी मीटरच्या काट्यावर ठेवते."

"काट्याला तोंड नसतं," मी म्हटलं.

तो वाद आपण संपवला नाही. मी हळूहळू त्यात पाय टाकला, एवढंच. आधी रेल्वे दिली, मग वीज, आणि एक दिवस ई-मेलसुद्धा. खरं सांगायचं तर सोय फार होती. मोठा पासवर्ड तू ठरवला होतास, 'वहिनीच्या आमटीत गूळ फार', इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. बडोद्यात आयुष्य काढून तुला आमटीतला गूळ चालत नव्हता आणि मला त्याशिवाय आमटी करता येत नव्हती. पण दर दहा मिनिटांनी पेटी आपोआप बंद व्हायची आणि ते लांबलचक वाक्य पुन्हा टाइप करावं लागायचं. शेवटी मीच वैतागले. "स्वतःच्या आमटीची निंदा दिवसातून किती वेळा लिहू? एकदा उघडली की दिवसभर उघडी राहील असं कर."

"ते बरोबर नाही हं वहिनी."

"घरात कोण चोर बसलाय?"

कुलूप दोनदा ओढणारी मी, हे मी म्हटलं. आणि माझ्यासाठी म्हणून तू तसं करून दिलंस.

मुक्ता तेव्हा बंगलोरला नोकरीत होती. बाबांशी ती फोनवर हवापाण्याचं बोलायची, मनातलं मला लिहायची. त्या आठवड्यात तिचं मोठं पत्र मेलवर आलं. तीन महिन्यांपासून ती मनोविकारांच्या डॉक्टरांकडे जात होती, गोळ्या चालू होत्या, आता झोप लागत होती. पुण्याच्या स्थळाबद्दल तिला अजून काही ठरवायचं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, 'बाबांना मी स्वतः सांगेन. तोवर तुझ्याजवळ ठेव.' मी ते दोनदा वाचलं आणि कोणालाही बोलले नाही. तुलाही नाही.

चारच दिवसांनी, बुधवारी सकाळी, तुझ्या दादाने तिला फोन लावला. मी पोळ्या करत होते. त्याचा आवाज चढला तशी लाटणं टाकून बाहेर आले. तो म्हणत होता, "कसल्या गोळ्या घेतेस तू? पुण्याच्या लोकांना कळलं तर त्यांना काय सांगायचं?" तिकडून फोन बंद झाला. थोड्या वेळाने माझ्या मोबाइलवर आला. मुक्ता एकच वाक्य बोलली. "आई, मी फक्त तुला लिहिलं होतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी याला विचारलं.

"घरात गोष्टी कळतात," असं म्हणून याने पेपर समोर धरला.

तुझी त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, दुपारी दोनला सुरू होणारी. म्हणून सकाळी तू घरात होतीस, टेबलाशी चहा पीत. मी तुझ्याकडे वळले. आजही आठवतं, मला विचार करावाच लागला नाही. सगळं आधीच ठरलेलं असल्यासारखं तोंडातून आलं. "माझ्या मेलची किल्ली तुझ्याकडे आहे."

तू कप खाली ठेवलास. आधी दादाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. "हो वहिनी. किल्ली माझ्याकडेच आहे."

"म्हणजे तूच वाचलंस आणि भावाच्या कानावर घातलंस."

तू हो म्हणाली नाहीस. नाहीही म्हणाली नाहीस. "मी ती पेटी उघडी ठेवायला नको होती," एवढंच म्हणालीस. मी ती कबुली धरली. बरं, संशय घ्यायचा तर याच्यावर का घेतला नाही? कारण याला कॉम्प्युटरमधलं काही येत नाही, हे घरात गृहीत होतं. रिटायर झाल्यावर दुपारी पत्त्यांचा खेळ खेळायचा, तेवढाच. आणि खरं कारण त्याहून साधं आहे. तो नवरा होता आणि तू नणंद. सत्तावीस वर्षं एका ताटातलं खाल्लं, तरी वेळ आली तेव्हा मी तुला त्याच जुन्या जागेवर नेऊन बसवलं.

त्याच दिवशी मी मुक्ताला सांगितलं, "आत्याकडे पासवर्ड होता. यापुढे लिहू नकोस, फोनवर बोल." ती फक्त "बरं" म्हणाली. पेटीला हात न लावता माझे सगळे पासवर्ड मी बदलले आणि पुन्हा वहीत नेले. तूही पेटीचा मोठा पासवर्ड बदललास. मला सांगितला नाहीस, मी विचारला नाही.

त्यानंतर आपण भांडलो नाही, हे जास्त वाईट होतं. तू पाळीला जायचीस, यायचीस, भाजी निवडून द्यायचीस. माझ्या खोलीत यायच्या आधी दारावर टकटक करायला लागलीस. मुक्ताचा फोन आला की तुझ्या वाट्याला दोन मिनिटं यायची. "कशी आहेस आत्या, बरी आहे मी." फोन ठेवल्यावर तू थोडा वेळ तिथंच उभी राहायचीस. मी ते बघायचे आणि मनात म्हणायचे, केलं तसं भोगतेय.

मग तुझं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं नाव घेतलं, आणि तीन महिन्यांत सगळं संपलं. तुझं सगळं मी केलं, नंदू. अंघोळ, औषधं, भाताची पेज. त्यात कसूर ठेवली नाही. पण मनात एक गाठ ठेवून केलं, आणि ती तुझ्या हाताला लागत असणार.

हॉस्पिटलमधल्या त्या दुपारी भेटायची वेळ संपत आली होती. तू म्हणालीस, "कपाटात माझ्या सर्टिफिकिटांच्या फाइलमध्ये पाकीट आहे. तूच उघड. दादाला देऊ नकोस." मी बरं म्हटलं. मग तू विचारलंस, "वहिनी, तुला काही विचारायचंय?"

मला विचारायचं होतं. का केलंस, असं विचारायचं होतं. मी तुझी चादर सारखी केली आणि म्हटलं, "तू आराम कर."

तू डोळे मिटलेस. वाट बघून थकल्यासारखे.

तेरावं झाल्यावर मी ते पाकीट उघडलं. आत एक चिठ्ठी, तिच्यावर पेटीचा नवा पासवर्ड. या वेळी वाक्य नव्हतं, अक्षरं आणि आकड्यांचा नुसता कचरा. चौथ्या खेपेला तो बरोबर पडला. पेटी उघडली, आणि खरं ते कबूल करते, तुझं म्हणणं बरोबर होतं. तुझा फोन, तुझा विमा, प्लँटच्या फंडाचे कागद, सगळं नावानिशी ओळीने लावलेलं. कोणाला काय कळवायचं तेही प्रत्येक ठिकाणी लिहून ठेवलेलं. एका सकाळीत माझी निम्मी कामं झाली. तुझ्या जागी मी गेले असते तर माझ्या मोडीच्या वहीपुढे तुम्ही कपाळाला हात लावून बसला असतात.

यादीच्या तळाशी माझ्या मेलची जुनी नोंद तशीच होती. तो पासवर्ड आता कामाचा नव्हता. पण त्या नोंदीपुढे शेवटचा वापर कधी झाला ते लिहिलेलं होतं. दीड वर्षापूर्वीचा मंगळवार. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

मी जुनी कॅलेंडरं टाकत नाही, तू त्यावरूनही हसायचीस. माळ्यावरून त्या वर्षीचं काढलं. तुझ्या पाळ्या तू स्वतः लाल पेनने लिहायचीस. त्या मंगळवारच्या चौकोनात तुझ्या अक्षरात 'दु' होतं, दुसरी पाळी. खाली माझ्या अक्षरात 'पालक सभा'. तीन वाजता तू बाजव्याला कंट्रोल रूममध्ये होतीस. मी शाळेत पालकांसमोर बसले होते. कॉम्प्युटर सकाळी मीच चालू करून ठेवला होता, पेटी उघडी होती, आणि घरात एकच माणूस होतं.

मी त्याला हाक मारली. तो आला, पडद्याकडे बघितलं, माझ्या मांडीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि पलंगावर बसला.

"मीच," तो म्हणाला. मी काही विचारायच्या आत.

"कसं जमलं तुम्हाला?"

"पत्ते खेळत होतो. खाली ती खिडकी दिसली. तिच्यात तुझं नाव होतं, त्याच्यावर दाबलं. आपोआप उघडलं." मग म्हणाला, "मुक्ता तुला लिहिते. मला काय, जेवलात का बाबा, तब्येत काय म्हणते. ती तुला काय लिहिते ते मला एकदा बघायचं होतं."

"आणि नंदू?"

"तिने माझ्याकडे बघितलं तेव्हाच तिला कळलं. नंतर तू अंघोळीला गेलीस तेव्हा विचारलंन. मी म्हटलं, सांगू नकोस. मुक्ता पुन्हा माझं तोंड बघणार नाही."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'मी नाही सांगणार. तू सांग.' मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. हॉस्पिटलात तिने परत विचारलं होतं."

माझ्यासारख्या अडाणीला जमावं म्हणून तू जे सोपं केलंस, ते त्यालाही सोपं झालं. पेटीबद्दलचा माझा संशय खोटा नव्हता. त्यांच्या सर्व्हरवर कोण बसलंय ते मला आजही माहीत नाही आणि माझी वही मी सोडणार नाही. पण दूरदेशीच्या कुणा कंपनीवर डोळे लावून बसले होते आणि दार उघडं ठेवायला सांगितलं ते मीच, आपल्याच घरात.

आणि आता स्वभावाला औषध नाही म्हणून तुझ्यावरही एक संशय घेते. ती जुनी नोंद तू काढली का नाहीस? तुझ्या शिस्तीची बाई निकामी नोंद ठेवत नाही. बाकीच्या माझ्या सगळ्या नोंदी तू काढल्या होत्यास, रेल्वे, वीज, सगळ्या. ती एकच राहिली. भावाला दिलेला शब्द पाळलास, तोंडाने काही सांगितलं नाहीस, आणि पाकीट मात्र माझ्या नावाने ठेवलंस. मी दोनदा तपासून बघणारी आहे, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तसं असेल तर मला राग नाही. चुकून राहिली असेल, तर तुला शेवटपर्यंत वाटत राहिलं असेल की मला कधीच कळणार नाही. तो विचार मला सहन होत नाही.

तुझ्या स्वतःच्या मेलची नोंदही यादीत आहे. एक क्लिक, की आत. मी ती उघडली नाही. मोठेपणा नाही हा. त्या दीड वर्षात तू कोणाला तरी माझ्याबद्दल लिहिलं असशील, आणि ते खरं असेल, याची भीती आहे.

तीन दिवस मी याच्यासमोर ताट ठेवत होते आणि उठून जात होते. आज सकाळी मी म्हटलं, "मुक्ताला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही." तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसला, कुठे बाहेर जायचं असल्यासारखा. मुक्ता तुझ्या दिवसांना आली होती, तिसऱ्या दिवशी परत गेली. तुझ्या फोटोसमोर ती बसली नव्हती, दारातच उभी होती.

"मुक्ता," फोन स्पीकरवर टाकून तो म्हणाला, "तुझं ते पत्र आत्याने वाचलं नव्हतं. मी वाचलं होतं."



"आत्याला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो. मीच तिला गप्प राहायला सांगितलं."

"आई आहे तिथं?"

"आहे," मी म्हटलं.

"तू म्हणाली होतीस, आत्याकडे पासवर्ड होता."

"हो. मी म्हणाले होते."

"तू तिला विचारलं होतंस का आई? नीट?"

"नाही," मी म्हटलं. "विचारलं नव्हतं. तिला सांगितलं होतं, की तूच."

मुक्ता म्हणाली, "ती आजारी असताना मी फोनवर दोन मिनिटं बोलायचे, आई. दोन मिनिटं." आणि मग ती रडायला लागली. लहान असताना रडायची तशी, मोठ्याने. तुझा दादा आणि मी फोनच्या दोन बाजूंना बसून ऐकत राहिलो. फोन ठेव, असं म्हणायचा धीर दोघांपैकी कोणालाच झाला नाही.